बहात्तर तासांत लस लागू होत नाही

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठच्या एका गावात राहतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तिळारीचं पाणी वाढलं तेव्हा रात्रीत आमच्या सोप्यावर पाणी आलं. सासूबाईंना उचलून आम्ही शाळेत गेलो. आमचा कुत्रा काळू मागच्या दारी बांधलेला होता, गडबडीत तो राहून गेला. हे मध्यरात्री कमरेएवढ्या पाण्यातून परत गेले आणि त्याची साखळी सोडली. तो अंधारात कुठे गेला ते कळलं नाही. परत आलाच नाही. ते अजून मनातून जात नाही.

आता घरात सहा वर्षांचा मोती आहे, गावठीच, तपकिरी. लहानपणी त्याला लसी दिल्या होत्या, नंतर राहून गेल्या. मनी मांजरीला तीन आठवड्यांची तीन पिल्लं आहेत. दोन गाई आहेत. माझी जाऊ अमेरिकेत फ्लोरिडाला असते. तिथे हरिकेनचा मोसम सुरू होण्याआधी लोक कुत्र्या-मांजरांच्या लसी पूर्ण करतात, चिप बसवतात असं ती सांगते. मुलगाही म्हणतो, मोतीला चिप बसवूया, म्हणजे तो कुठे आहे ते मोबाइलवर दिसेल. सासूबाई म्हणतात, "सुण्याक कसली चिप?" मोती त्यांच्याच पायाशी झोपतो, दुसऱ्या कुणाला जुमानत नाही. त्याला सुई टोचलेली त्यांना बघवत नाही. चिपचा खरंच उपयोग होतो का? आणि घर सोडायची वेळ आली तर या सगळ्यांना न्यायचं कुठे?

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी काळूविषयी. तुमच्या यजमानांनी त्या रात्री साखळी सोडली, हे त्यांनी बरोबरच केलं. पत्रातून मला असं वाटलं की ते अजून स्वतःला दोष देत असतील, म्हणून त्यांना हे वाचून दाखवा. चढत्या पाण्यात बांधलेलं जनावर वाचत नाही. सोडलेलं जनावर पोहतं, उंचवटा शोधतं, एखाद्या गडग्यावर किंवा पडवीवर चढून बसतं. काळू वाचला असण्याची शक्यता चांगलीच होती. पण तो कुणाचा आहे हे सांगणारं त्याच्या अंगावर काहीच नव्हतं. दोन गावं पलीकडे कुणी त्याला भाकर घातली असेल, तर त्या माणसासाठी तो रस्त्यावरचाच एक कुत्रा होता. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मी इथूनच सुरू करणार आहे.

तौक्ते वादळ आलं ते १६ मे २०२१ ला, रविवारी. कोविडची संचारबंदी होती, वीज गेली होती, झाडं रस्त्यावर आडवी पडली होती, बऱ्याच भागांत फोनही लागत नव्हते. तिसऱ्या दिवशी दोन मुलं एका कुत्र्याला घेऊन माझ्याकडे आली. तपकिरी, शेपटीचं टोक पांढरं. गळ्याभोवती केस झिजलेले होते, म्हणजे वर्षानुवर्षं पट्टा असणार, पण पट्टा कुठेतरी अडकून तुटला होता. हात पुढे केला की पंजा द्यायचा. घरातलाच होता यात शंका नव्हती. आम्ही फोटो फिरवला, तर अकरा घरांतून फोन आले, "आमचाच वाटतो." कुणाचाच नव्हता. शेवटी दीड महिन्याने एक म्हातारे गृहस्थ आले, खिशात नातवाच्या वाढदिवसाचा फोटो घेऊन. त्या फोटोत हा कुत्रा केकच्या शेजारी बसला होता. त्यांचं घर माझ्या दवाखान्यापासून तीन गावं सोडून होतं. दीड महिना तो रोज संध्याकाळी फाटकाशी जाऊन बसायचा आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. चिप असती तर पहिल्याच दिवशी मी त्यांना निरोप धाडू शकले असते.

म्हणून लोक म्हणतात की चिप लॅब्रेडॉरसारख्या महागड्या कुत्र्यांना, गावठीला कशाला, तेव्हा मला राहवत नाही. हरवलेला लॅब्रेडॉर दिसला की कुणीही म्हणतं, हा कुणाचा तरी आहे, आणि विचारपूस सुरू होते. तपकिरी गावठी कुत्रा दिसला तर कुणी थांबतही नाही. तुमच्या मोतीसारखे दहा कुत्रे तुमच्याच गावात असतील. चिपची गरज त्यालाच जास्त आहे.

आता चिप म्हणजे काय ते सांगते, कारण मुलाचा थोडा गैरसमज झालाय. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड. आत बॅटरी नाही. ती उपग्रहाशी बोलत नाही, मोबाइलवर मोतीचा ठिपका दाखवत नाही. त्यासाठी पट्ट्याला लावायचं वेगळं यंत्र येतं, ते चार्ज करावं लागतं आणि पट्ट्याबरोबर हरवतं. चिपमध्ये फक्त एक १५ आकडी क्रमांक असतो. स्कॅनर अंगावरून फिरवला की स्कॅनरच्याच लहरींवर चिप क्षणभर जागी होते आणि तो क्रमांक पडद्यावर उमटतो. दोन खांद्यांच्या मध्ये, कातडीखाली ती टोचतात. सुई लसीच्या सुईपेक्षा जाड असते हे खरं, पण काम दोन-चार सेकंदांचं असतं, भूल लागत नाही. पाण्याने जात नाही, तुटत नाही, जनावराच्या जन्मभर पुरते. कधी कधी ती कातडीखाली थोडी सरकते, म्हणून वर्षाच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना "चिप वाजते का बघा" एवढं सांगा. स्कॅन करणाऱ्यानेही फक्त मानेवर न थांबता खांदे आणि पुढच्या पायांपर्यंत स्कॅनर फिरवायला हवा.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, इथेच लोक फसतात. चिपमध्ये तुमचं नाव नसतं, फोन नंबरही नसतो. तो १५ आकडी क्रमांक कुठल्या तरी नोंदवहीत तुमच्या नावाशी जोडलेला असावा लागतो. एकदा माझ्याकडे आलेल्या कुत्रीला स्कॅनर लावला, बीप वाजला, क्रमांक आला, आम्ही सगळे खूश झालो. पुढे शोधलं तर तो क्रमांक कुठेच नोंदवलेला नव्हता. चिप टोचणाऱ्याने फॉर्म भरून घेतला होता, पण पुढे पाठवलाच नव्हता. घरच्यांना याची काही कल्पना नव्हती. त्यामुळे तुम्ही चिप बसवायला जाल तेव्हा चार गोष्टी करून घ्याच. टोचण्याआधी ती चिप पाकिटात असतानाच स्कॅन करून क्रमांक जुळतो का बघा. टोचल्यावर पुन्हा स्कॅन करा. क्रमांकाचे स्टिकर येतात, त्यातला एक लसीच्या कार्डावर चिकटवायला सांगा. आणि नोंदणी कुठल्या कंपनीकडे झाली, त्यात कोणता फोन नंबर आहे, हे त्या कंपनीच्या नोंदीत स्वतः उघडून बघा. कागद हातात आला म्हणजे नोंद झाली असं समजू नका. फोन नंबर दोन द्या, एक तुमचा आणि एक गोव्याबाहेरच्या, नाहीतर निदान दुसऱ्या तालुक्यातल्या जवळच्या माणसाचा. वादळात तुमचा फोन बंदच असण्याची शक्यता जास्त. नंबर बदलला की नोंदही त्याच दिवशी बदला.

चिप आली म्हणून पट्टा काढू नका. ज्याच्याकडे मोती सापडेल त्याच्याकडे स्कॅनर असेलच असं नाही. रुंद पट्ट्यावर पक्क्या शाईने फोन नंबर लिहा, नाहीतर पितळी बिल्ला लावा. पट्टा दिसतो पण तुटतो, चिप दिसत नाही पण राहते. दोन्ही हवीत.

सासूबाईंना हे कसं सांगायचं ते तुम्ही मला विचारलेलं नाही, पण मी सांगते. तुमच्या दोन गाईंच्या कानाला पिवळा बिल्ला असेल, त्यावर १२ आकडी क्रमांक असतो. तो बिल्ला मारताना गाईला टोचलं होतंच, आणि सासूबाईंनी तेव्हा गाय धरली असेल. मोतीची चिप म्हणजे तोच बिल्ला, फक्त आत घातलेला. आणि पावसाआधी गुरांना घटसर्पाची आणि फऱ्याची लस द्यायची हे त्यांना कुणी शिकवायची गरज नाही, त्यांच्या माहेरीही तेच चालत असणार. पावसाआधी लस हा रिवाज आपल्याकडे फ्लोरिडाहून आलेला नाही. तो गोठ्यात होताच, आता सोप्यावर झोपणाऱ्यालाही लागू करायचा एवढंच. गाईंचं या वर्षीचं झालंय ना, तेही बघून घ्या.

आता वेळेचं गणित. तुमच्या जाऊबाईंकडे अटलांटिकचा हरिकेनचा मोसम १ जूनपासून ३० नोव्हेंबरपर्यंत सलग असतो. आपल्या अरबी समुद्राचं तसं नाही. इथे वादळांचे दोन काळ असतात, मे-जून आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबर. मधल्या भर पावसात वरच्या आणि खालच्या वाऱ्यांची दिशा आणि वेग इतके वेगळे असतात की वादळाचा खांब सहसा उभाच राहत नाही. पण तेव्हा नदी असते, तुम्हाला मी ते सांगायला नको. तौक्ते मे महिन्यातलं. क्यार ऑक्टोबर २०१९ मधलं, ऐन दिवाळीच्या तोंडावरचं. त्याच दिवसांत नाफ्त्याने भरलेलं जहाज दोनापावलाजवळ खडकांवर येऊन अडकलं होतं, आठवत असेल. फियान नोव्हेंबर २००९ मधलं. म्हणजे आपल्याला एका वर्षात दोनदा तयार राहावं लागतं, आणि दुसऱ्या वेळी नरकासुराच्या रात्रीचे फटाकेही त्यात येतात. घाबरून पळालेली कुत्री माझ्याकडे त्या दिवसांतही येतात.

हवामान खातं वादळाची पहिली सूचना साधारण ७२ तास आधी देतं, मग ४८ तासांवर इशारा, मग २४ तासांवर. नदीच्या पाण्याची सूचना तर कधी कधी काही तासांचीच मिळते. आणि लस टोचल्यावर अंगात पुरती ताकद यायला दोन आठवडे लागतात. काही लसींना दोन डोस लागतात, त्यांच्यात दोन ते चार आठवड्यांचं अंतर असतं. रेड अलर्ट लागल्यावर धावत दवाखान्यात आलेल्या माणसाला मी लस देते, पण त्या वादळापुरता तिचा उपयोग जवळजवळ नसतो. आज मार्च संपतोय, शिगम्याचे रोमट अजून कानात आहेत. आज सुरुवात केलीत तर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मोतीचं सगळं पूर्ण होईल. मेमध्ये सुरू केलंत तर नाही.

मोतीला काय काय लागेल? रेबीज आणि दवाखान्यात ज्याला सेव्हन इन वन किंवा नाइन इन वन म्हणतात ती. तिच्यात डिस्टेंपर आणि पार्व्हो हे कुत्र्यांचे दोन जीवघेणे आजार, काविळीचा एक विषाणू आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, येतात. डिस्टेंपर-पार्व्होचं लहानपणी नीट झालेलं असेल तर आता बहुतेक वेळा एक डोस पुरतो. लेप्टोचं तसं नाही. त्यात एवढी वर्षं खंड पडला म्हणजे पहिल्यापासून सुरुवात करायची, दोन डोस, मध्ये दोन ते चार आठवडे, आणि मग दर वर्षी न चुकता. तुमच्यासारख्या नदीकाठच्या, शेताच्या, उंदरांच्या गावात मला सगळ्यात जास्त काळजी याच लसीची आहे.

लेप्टोबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पेडण्यात, सत्तरीत, डिचोलीत पुरानंतर मी जी कुत्री गमावली त्यांत याचा वाटा मोठा आहे. उंदीर, घुशी, गुरं यांच्या लघवीतून हे जंतू बाहेर पडतात. उन्हाळ्यात कोरड्या मातीत ते टिकत नाहीत, पण ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे जगतात. पुराचं पाणी बिळं धुऊन काढतं आणि ते सगळं तुमच्या अंगणात आणून टाकतं. कुत्रा त्यातून चालतो, पंजाला बारीकशी जखम असते, तेवढी पुरे. किंवा ते पाणी चाटतो. चार-दहा दिवसांनी ताप, खाणं बंद, उलट्या, मागचे पाय आखडणं. मग डोळे आणि हिरड्या पिवळ्या, लघवी कमी. तिथवर गेलं की मूत्रपिंडं हातची गेलेली असतात. पहिल्या दोन दिवसांत आणलं तर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा आजार आहे हा. आणि हाच आजार माणसालाही होतो. लावणीला चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्टर जो लेप्टो सांगतात तोच. आजारी कुत्र्याच्या लघवीतून तो घरातल्यांना लागू शकतो. मोती सासूबाईंच्या पायाशी झोपतो असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ही लस एका अर्थी त्यांचीही आहे. लेप्टोच्या अनेक जाती आहेत, लसीत त्यातल्या काहीच असतात, त्यामुळे लस दिली तरी पुराच्या पाण्यापासून त्याला लांब ठेवायचंच. लस दिल्यावर अर्धा तास दवाखान्यातच बसा. तोंड सुजलं, अंगावर गांधी आल्या तर तिथल्या तिथे उपाय होतो.

रेबीजचं गोव्यात काम चांगलं झालंय आणि ते राखायला हवं. मिशन रेबीज आणि सरकार यांनी २०१४ पासून गावोगाव फिरून कुत्र्यांना लस दिली. अंगावर रंगाचा ठिपका असलेली कुत्री तुम्ही पाहिली असतील, ती त्यांचीच खूण. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. पण पुरानंतर उंचवट्यावर दहा गावांतली कुत्री एकत्र येतात, भुकेली असतात, भांडतात, चावतात. मोतीचा डोस चुकलेला आहे, म्हणून आता एक द्या. पुढचा कधी हे डॉक्टरांना त्याचं जुनं कार्ड दाखवून ठरवा. कार्ड सापडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा, अंदाजाने "दिलं होतं बहुतेक" म्हणू नका. चिप आधी बसवा, मग त्याच दिवशी रेबीजची लस द्या आणि प्रमाणपत्रावर चिपचा क्रमांक लिहून घ्या. उद्या मोतीला परगावी न्यायची वेळ आली, किंवा कुणी "हा आमचा" म्हणालं, तर तो एक कागद पुरेल. तुमच्या घरातल्या कुणाला परका कुत्रा चावलाच, तर आधी साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं. हळद नाही, चुना नाही, मिरची तर नाहीच.

मनीची पिल्लं आत्ता तीन आठवड्यांची आहेत, म्हणजे त्यांना लस आठव्या आठवड्यात, मेच्या सुरुवातीला. मांजरांची पहिली लस ट्रायकॅट, म्हणजे तीन आजारांवरची एकत्र लस, ती तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीज तीन महिन्यांची झाल्यावर. म्हणजे यंदाच्या मे-जूनच्या काळात ती अर्धवटच सुरक्षित असतील. इलाज नाही. त्यांना घरातच ठेवा, परक्या मांजरांत मिसळू देऊ नका. मनीच्या लसी कधी द्यायच्या ते ती पिल्लांना पाजतेय हे डॉक्टरांना सांगून ठरवा. तिचं दूध सुटलं की नसबंदी करा आणि त्या भुलीतच चिप बसवून घ्या, म्हणजे तिला दोनदा टोचणं नको. मोतीची झाली नसेल तर त्याचीही. नसबंदी न झालेला कुत्रा भर पावसात आठ-आठ दिवस गायब असतो, आणि नेमका त्याच आठवड्यात इशारा लागतो.

आता न्यायचं कुठे हा तुमचा खरा कठीण प्रश्न. अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळात कित्येक माणसांनी बोटीत चढायला नकार दिला, कारण कुत्र्याला नेता येत नव्हतं. त्यातून २००६ मध्ये तिथे कायदा झाला आणि राज्यांना आपत्तीच्या आराखड्यात पाळीव प्राण्यांचाही विचार करावा लागला. आपल्याकडे बहुतेक वेळा निवारा म्हणजे शाळा किंवा सभागृह. तिथे लहान मुलं असतात, म्हातारी माणसं असतात, आणि कुत्रा आत घेऊ देतील यावर विसंबून राहू नका. एप्रिलमध्येच पंचायतीत जाऊन विचारा, पेडण्याच्या मामलेदार कचेरीत विचारा. शाळेची पडवी किंवा सायकलींचं छप्पर जनावरांसाठी मोकळं ठेवता येईल का? मुसकी आणि दोरी आम्ही आणू, लसीची कार्डं दाखवू, असं म्हणा. दहा घरांनी मिळून ग्रामसभेत हे मांडलं तर पंचांना "नाही" म्हणणं जड जातं. लसीचं कार्ड हातात असलं की तुमचं म्हणणं वजनदार होतं, हाही त्या कार्डाचा एक उपयोग.

पण तुमचा भरवसा माणसांवर असू द्या. सड्यावर, उंचावर कोण नातेवाईक आहे? त्यांच्याशी आजच बोला. "पाणी आलं तर मोती आणि मनीला चार दिवस ठेवाल का?" एवढं सरळ विचारा. आणि मेच्या आधी एकदा मोतीला तिथे नेऊन संध्याकाळपर्यंत राहा. कुत्र्याला ती वाट, ते अंगण, तिथल्या माणसांचा वास ओळखीचा झाला तर तो तिथून पळून घरच्या वाटेला लागत नाही. मनीसाठी झाकणाची प्लास्टिकची टोपली किंवा पिंजरा आणा आणि आतापासूनच सोप्यावर उघडी टाकून ठेवा, आत जुनं लुगडं घाला. ती स्वतःहून पिल्लं तिथे नेईल. ऐन वेळी अनोळखी पिंजऱ्यात मांजर घालायचा प्रयत्न करून बघितलेल्याला मी काय म्हणतेय ते कळेल. अगदीच काही नसेल तर उशीचा अभ्रा चालतो, तोंड बांधून.

निघायचं तर पिवळा इशारा नारिंगी झाला की जनावरांना आधी हलवा. पाणी दारात यायची वाट बघू नका, कारण तेव्हा हात सासूबाईंना धरायला लागतील. गाईंना सड्यावर हाकायचं तेही दिवसाउजेडी. आणि कुठल्याच कारणाने कुठलंही जनावर बांधून मागे ठेवू नका. जाताना गोठ्याचं फाटक उघडं, दावी सोडलेली. त्या रात्री तुम्ही घरी आहात आणि फक्त जोराचा पाऊस आहे, तरीसुद्धा मोतीला साखळीने बांधू नका, आत घ्या.

बरोबर काय घ्यायचं हे तुम्ही घरची माणसं असल्याने तुम्हाला सुचेलच. आठवड्याभराचं कोरडं खाणं, पाणी, रोजची औषधं, मुसकी, जादा दोरी. दोन गोष्टी मात्र सांगते. लसीचं कार्ड आणि चिपचा कागद जाड प्लास्टिकमध्ये, घरच्या कागदपत्रांबरोबर. आणि तुम्ही आणि मोती एकत्र आहात असा स्पष्ट फोटो, त्याच्या अंगावरच्या खुणा दिसतील असा, फोनमध्येही आणि छापूनही. त्या म्हाताऱ्यांच्या खिशातला फोटो मी विसरलेले नाही.

पाणी ओसरून घरी परताल तेव्हा मोतीला आधी सोडू नका. आधी माणसाने काठी घेऊन घर बघायचं. सोप्यावर, चुलीमागे, भाताच्या पोत्यांत नाग, घोणस, मण्यार आसरा घेऊन असतात आणि कुत्रा नाक घालतोच. तुटलेल्या विजेच्या तारा बघा. मग त्याचे पंजे स्वच्छ पाण्याने धुऊन बोटांच्या बेचक्या पुसा, गोचिडी बघा. पुढचे दोन आठवडे खाणं सोडलं, सुस्त पडला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखाना. आणि ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजर त्या एका गोळीने मरतं, कुत्र्याचं यकृतही जाऊ शकतं. दर पावसात असं एक तरी मांजर माझ्या टेबलावर येतं आणि माझ्या हातात फार काही उरलेलं नसतं.

मोती हरवलाच, तर पहिले दोन दिवस घराच्या आसपासच शोधा, पहाटे आणि तिन्हीसांजेला, जेव्हा आवाज कमी असतो. घाबरलेला कुत्रा हाकेला ओ देत नाही, दडून राहतो. त्याचं अंथरूण अंगणात ठेवा. आजूबाजूच्या सगळ्या दवाखान्यांत, प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांत चिपचा क्रमांक आणि फोटो देऊन या, आणि "कुणी कुत्रा आणला तर स्कॅन करा" असं मुद्दाम सांगा. कामाच्या गर्दीत ते राहून जातं, आमच्याकडूनही.

या आठवड्यात एवढं करा, मोतीचं जुनं कार्ड शोधा आणि त्याला दवाखान्यात न्या. पहिला डोस, चिप, रेबीज त्याच फेरीत उरकेल, दुसरा डोस एप्रिल संपायच्या आत. सासूबाईंना गाडीत घालून सोबत न्याच. तो दुसऱ्या कुणाला जुमानत नाही ना? मग टेबलावर त्याचं डोकं त्यांनीच धरायचं आणि त्याच्याशी बोलत राहायचं. डॉक्टरांचं काम त्यांचं वाक्य संपायच्या आत झालेलं असेल.